नजरेचं पाणी

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायची आपल्याकडे रीत आहे. रुकय्याफुफी जिवंत होती तेव्हा मी तिला कधी चांगलं म्हटलं नाही, आणि आता ती सोपाऱ्याच्या कबरस्तानात झोपली आहे म्हणून माझं मत बदललेलं नाही. तिला अल्लानं माफ करावं अशी दुआ मी मागते, कारण ते माझं कर्तव्य आहे. मी स्वतः तिला माफ केलेलं नाही, आणि ही गोष्ट तिलाही माहीत होती.

नात्यानं ती माझी आतेसासू. सासऱ्यांची सख्खी बहीण. नवरा वारल्यावर मुलाला घेऊन भावाच्या शेजारी येऊन राहिली, तेव्हापासून दोन्ही घरांचा ओटा एकच होता. अंगानं किडकिडीत, हनुवटी पुढे आलेली, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला. दिवसभर ओट्याच्या टोकाला बसून ती सुपारी कातरायची आणि मोहल्ल्यातून कोण कुठे जातं, कुणाच्या टोपलीत काय आहे, कुणाचं पोर कुणाच्या कडेवर आहे, यावर तिचं लक्ष असायचं. सगळ्या जगाच्या नजरेला भिणारी ही बाई स्वतः मात्र सगळ्यांकडे टक लावून बघायची. तेव्हा तिला कुणी काही म्हणत नसे.

पनवेलहून लग्न होऊन मी सोपाऱ्यात आले तेव्हा लढाई नुकतीच संपली होती आणि साखर रेशनवर मिळत होती. नवरीचं तोंड बघायला बायका जमल्या. कुणीतरी माझा घुंगट वर केला, आणि रुकय्याफुफी पुढे वाकून म्हणाली, "रंग काय उजला नाय. नाक पन बसका हाय. चांगला झाला, हिला कोनाची नजर नाय लागायची."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला रडू कोसळलं. आमच्या घरी वडील मराठी शाळेत मास्तर, लाडाकोडात वाढलेली मी. असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. नंतर स्वयंपाकघरात माझी नणंद हमिदा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "भाबी, रडू नको. फुफीला तू आवडली. आवडली नसती ना, तर तिनं तारीफ केली असती."

हमिदाशी माझी ओळख झाली ती अशी. ती माझ्याहून थोडी मोठी होती. तिला भिवंडीला दिली होती. तिथे तिला मुलगी झाली, ती काही महिन्यांची होऊन वारली, आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं तलाक देऊन तिला माहेरी पाठवलं. तिचे डोळे मोठे, काळेभोर, पापण्या दाट. मूल दिसलं की ते डोळे त्या मुलावरून हलत नसत. त्यात लपवालपवी नव्हती. भुकेलं माणूस भाकरीकडे बघतं तसं ती लेकरांकडे बघायची, आणि आपण बघतो आहोत हे तिच्या ध्यानातही नसायचं. फुफीच्या मात्र ते पहिल्या दिवसापासून ध्यानात होतं.

आता आधीच सांगून टाकते, नजर खरी आहे असं मीही मानते. आमच्या दीनात ते सांगितलेलं आहे, आणि त्यावरचा इलाजही सांगितलेला आहे. इलाज किती साधा! चांगलं काही दिसलं, आवडलं, की त्यात बरकत दे अशी अल्लाकडे दुआ करायची. बायका त्याला थोडक्यात 'बारकल्ला' म्हणतात. भीती वाटली तर कुराणातल्या, 'कुल' शब्दानं सुरू होणाऱ्या छोट्या सूरा पढायच्या, तळहातावर फुंकर मारून ते हात लेकराच्या अंगावरून फिरवायचे. माझी आई रोज आम्हा भावंडांवरून असे हात फिरवायची आणि आम्ही निर्धास्त झोपायचो. इतकी गोड गोष्ट आहे ती. रुकय्याफुफीनं तिचं काठीत रूपांतर केलं होतं.

तिच्या ओट्यासमोरून जाताना कुणी सहज काही बोललं, "वेल चांगला चढला हो तुमचा," की ती तिथूनच ओरडायची, "बारकल्ला बोल!" बोलल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. पोस्टमन हिंदू होता, त्यालाही एकदा तिनं ते म्हणायला लावलं. बिचाऱ्यानं 'बारा कल्ला' असं काहीतरी म्हणून सुटका करून घेतली. दूध उतू जाईतो उकळलं तरी तिच्या भांड्यावरचं झाकण निघत नसे. कोंबडीनं अंडी दिली की ती पदराखाली घरात जात. तिच्या मुलाचा, कासमचा, मुलगा युसुफ हा तर तिचा जीव की प्राण. कासम मुंबईला गोदीत कामाला, सुट्टीला यायचा. सून शरिफा गरीब गाय होती. युसुफला फुफी आतल्या खोलीत दार लावून भरवायची. त्याच्या कपाळावर काळा ठिपका, गळ्यात तावीज, दंडात काळा दोरा. पोर कसं आहे असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काय सांगू, नुसता वाळून चालला हाय." आणि ते पोर एवढं गुबगुबीत होतं की त्याला मांडीवर घेतलं तर मांडी अवघडायची.

कळंबची जानकी कोळीण मासे घेऊन यायची. ती तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. एकदा शरिफा युसुफला घेऊन ओट्यावर आली असताना जानकी टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "अगो बाय, पोर कवरा गुटगुटीत झालाय तुजा! मावरा तरी बरा लागलाय त्याला."

झालं. फुफीनं सुपारी टाकली, अडकित्ता टाकला, आणि जानकीच्या सात पिढ्या काढल्या. जानकी शांतपणे कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली. फुफी दमली तेव्हा ती म्हणाली, "माजी नजर लागती तर पयली या बोंबलांना लागली असती. पाहाटेपासना मी यांनाच बगते. बग, कसे ताजे हायेत." आणि टोपली उचलून शेजारच्या दाराशी गेली. त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. हमिदाही हसली. पण फुफीनं जानकीकडचे मासे बंद केले ते कायमचे, आणि वरून नातवाभोवती मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आमच्या घरापर्यंत आला.

मशिदीत पेशइमाम होते, म्हातारे, दम्यानं सारखे खोकणारे. आम्ही त्यांना मौलवीसाब म्हणायचो. त्यांनी त्या मिरच्यांचं ऐकून फुफीला समजावलं की बाई, मिरच्यांत काही नाही, अल्लाच्या कलामात सगळं आहे, तेवढं पढत जा. फुफीनं मान डोलावली. ते गेल्यावर ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "कुल पन पढते, मिरच्या पन जाळते. एकानी नाय भागला तर दुसरा हाय." अल्लावर भरवसा आणि वर मिरच्यांची जामिनकी.

इथवरचं सगळं मी हसत सांगू शकते. पुढचं नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटाची गोष्ट. अंगणात केळी सुकत घातली होती, आपल्याकडची सुकेळी करतात ती. हमिदा त्यांच्यावरच्या माश्या वारत बसली होती. युसुफ तेव्हा दोन वर्षांचा असेल. शरिफाचा डोळा चुकवून तो दुडदुडत ओट्यावरून खाली उतरला आणि थेट हमिदाच्या गळ्यात पडला. तिनं त्याला उचललं. "किती जड झालास रे राजा!" म्हणाली आणि त्याच्या पोटावर नाक घासलं. पोर खिदळलं. आतून फुफी आली, तिनं ते बघितलं, युसुफला हिसकावून घेतलं आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी युसुफला थंडी वाजून ताप भरला. त्या हंगामात आचोळ्यापासून सोपाऱ्यापर्यंत घराघरांत तापाची माणसं गोधड्या घेऊन कुडकुडत होती. आमच्या घरची गवताची वखार होती, तिथले दोन गडीही आडवे झाले होते. ह्यांनी वसईच्या दवाखान्यातून क्विनीन आणलं होतं, त्यातलं युसुफसाठीही दिलं. पण फुफीचा निकाल लागलेला होता.

ती दुपारी ओट्यावरून सरळ आमच्या दारात आली. विहिरीवर बायका होत्या, त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हमिदा, बाहेर ये. वजू कर नि पानी दे."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. नजर कुणाची लागली असा संशय असेल, तर त्या माणसानं हातपाय, तोंड धुवायचं आणि ते पाणी जमवून आजारी माणसाच्या अंगावर ओतायचं, असा एक इलाज आहे. तो फुफीनं काढलेला नाही, तो जुना आणि खरा आहे. पण ज्याच्याकडे पाणी मागितलं त्याच्यावर बोट रोखलं गेलं, हेही त्यात येतंच.

हमिदा पांढरीफटक पडली. "फुफी, मी बारकल्ला बोलले होते."

"कवा बोलली? मना नाय ऐकू आला."

"मनात बोलले."

"मनातला कोनाला ऐकू येते?"

ज्याला ऐकायचं त्याला ऐकू गेलं असेल, असं मी म्हणाले. फुफीनं माझ्याकडे बघितलंही नाही. सासूबाई घाबरल्या. आपलीच नणंद, आपलीच मुलगी, मध्ये तापानं फणफणलेलं पोर. त्यांनी मौलवीसाबांना बोलावून आणलं. मौलवीसाब ओट्याच्या पायरीवर बसले, खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि म्हणाले की पाणी मागितलं तर नाही म्हणू नये. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली: पैगंबरसाहेबांच्या एका सोबत्यानं दुसऱ्याच्या अंगकांतीची तारीफ केली, आणि तो दुसरा तिथल्या तिथे कोसळला; तेव्हा पैगंबरसाहेबांनी विचारलं की तू बरकतीची दुआ का केली नाहीस, आणि मग धुऊन ते पाणी त्याच्यावर ओतायला लावलं. "पण ऐका," मौलवीसाब म्हणाले, "तो सोबती दुश्मन नव्हता. चांगला, नेक माणूस होता. नजर प्रेमाच्या माणसाचीही लागते. आईची लागते. म्हणून पाणी मागणं म्हणजे गुन्हा लावणं नाही. मागायचं तर गुपचूप मागावं, आणि कुणाला त्यावरून बोल लावू नये."

फुफीनं यातलं पहिलं वाक्य तेवढं घेतलं. "द्यायला पाहिजे, बोलले ना मौलवीसाब? तर दे."

हमिदानं परातीत वजू केला. तोंड, हात, कोपरं, गुडघे, पाय. विहिरीवरच्या बायका रहाट सोडून बघत उभ्या होत्या. तिनं हात धुताना एकदाही वर पाहिलं नाही. फुफी ती परात पदराखाली घेऊन गेली आणि ते पाणी युसुफच्या पाठीमागून त्याच्या डोक्यावर ओतलं. संध्याकाळी ताप उतरला.

क्विनीनचं नाव कुणीही काढलं नाही.

त्या दिवसापासून हमिदाची नजर लागते हे सिद्ध झालं. आणि यातली खोच बघा. तिनं पाणी दिलं नसतं तर लोक म्हणाले असते, दोषी आहे म्हणून देत नाही. तिनं दिलं, पोर बरं झालं, तर म्हणाले, बघा, हिचीच होती. तिला सुटायचं तर युसुफ मरायला हवा होता. असं सोडवून घेणं कुणाला हवं असेल? हमिदाला तर नाहीच. ताप उतरला हे कळलं तेव्हा तिनं शुक्राची, म्हणजे अल्लाचे आभार मानायची, नमाज पढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग कटोरे सुरू झाले. आज हिचं पोर दूध ओकलं, उद्या तिच्या आंब्याचा मोहोर गळला, कुणाची शेळी आटली. बायका कटोरा पदराखाली झाकून यायच्या आणि आवाजात साखर घोळून म्हणायच्या, "बेटी, वाईट नको वाटून घेऊ, पन जरासा पानी दे." हमिदा उठायची, वजू करायची, पाणी द्यायची. मी चिडून म्हणायची, का देतेस? ती म्हणायची, "भाबी, कोनाचा पोर बरा होत असेल तर?" त्या शेळीवालीला मात्र मीच दारातून परत पाठवलं. तुझी शेळी म्हातारी झाली आहे, तिला पाणी नको, कसाई हवा, असं सांगितलं. ती मोहल्लाभर माझी निंदा करत फिरली. फिरू दे.

त्याच बायका, पाणी घेऊन गेलेल्या, हमिदा रस्त्यानं दिसली की पोराच्या तोंडावर ओढणी टाकायच्या. हमिदानं हळूहळू वर बघणंच सोडलं. चालताना जमिनीकडे बघायची, दगडाला ठेचकाळायची. विहिरीवर कुणी नसेल अशा भर उन्हात पाण्याला जायची. माझी मुलगी झाली तेव्हा मी तिला हमिदाच्या मांडीवर ठेवली, तर तिनं डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "बघ तिच्याकडे, माझी आहे ती, मी सांगते बघ." मग तिनं बघितलं. किती वेळ बघत होती. आणि प्रत्येक श्वासाला बारकल्ला, बारकल्ला. त्या दिवशी मला रुकय्याफुफीची मान मुरगळावीशी वाटली होती.

तरी एक रस्ता उघडला होता. कल्याणचं एक स्थळ आलं. लाकडाचा व्यापारी, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मागे चार महिन्यांची मुलगी. तो माणूस मोठा, केस पिकलेले, पण हमिदाला त्याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. स्थळ आल्याचं कळल्यावर तिनं मला एकच प्रश्न विचारला, "मुलीचा नाव काय?" मला माहीत नव्हतं. मी चौकशी करून सांगितलं, सलमा. ती काम करताना तोंडातल्या तोंडात ते नाव घ्यायला लागली.

त्या व्यापाऱ्याची आई बघायला आली, सोबत ती मुलगी घेऊन आली. शहाणी बाई होती. बाकी काही विचारलं नाही, मूल हमिदाच्या मांडीवर दिलं आणि बघत राहिली. हमिदा एवढ्या मोठ्यानं "बारकल्ला!" म्हणाली की पोर दचकलं आणि आम्ही सगळ्या हसलो, पाहुणीही हसली. मुलीनं हमिदाचं बोट मुठीत धरलं. कल्याणच्या बाई सासूबाईंना म्हणाल्या, "मला वाटतं, पुढच्या गोष्टी बोलून घेऊया." मी सरबत करायला उठले. लिंबू कापत असताना मला बाहेर फुफीचा आवाज ऐकू आला.

ती दारात उभी होती, हातात कटोरा. "हमिदा, युसुफला खोकला झालाय. जरा पानी दे गे."

पुढे पाहुणीकडे वळून तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "आपा, मी हिची सख्खी फुफी. माझ्याच घरची पोर हाय, पन तुमचा लेकरू हिच्या मांडीवर हाय म्हनून सांगते. माझ्या युसुफला लागली होती. हिच्या पान्यानी तो वाचला. मी नाय बोलले तर उद्या अल्लाला काय जवाब देऊ?"

हे तिनं कपटानं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण मी तिला इतकी वर्षं ओळखत होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. युसुफला खोकलाही खरंच होता. परक्या बाईचं पोर हमिदाच्या मांडीवर बघून ती त्याला वाचवायला धावत आली होती, आणि आपण मोठं पुण्याचं काम करतो आहोत असं तिला मनापासून वाटत होतं.

कल्याणच्या बाईंचा चेहरा बदलला. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. "उशीर होतोय, टांगा उभा आहे," म्हणाल्या आणि मूल घ्यायला हात पुढे केले. मुलगी बोट सोडेना. हमिदानंच एकेक करून तिची बोटं उघडली. सरबताचे पेले तसेच राहिले. आठवड्याभरात कुणाकरवी निरोप आला की इस्तिखारा केला, म्हणजे नमाज पढून अल्लाकडे कौल मागितला, खूण चांगली मिळाली नाही. त्यानंतर हमिदासाठी एकही स्थळ आलं नाही.

मी त्या दिवशी सासूबाईंची भीड ठेवली नाही. ओट्यावर जाऊन फुफीला म्हणाले, "तुम्ही तिचं घर मोडलंत. तिचं मूल काढून घेतलंत तिच्या मांडीवरून."

फुफी सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता बाजूला ठेवला, आणि मी पहिल्यांदा तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं. "माझी दोन पोरा होती, कासमच्या आधी. तुला कोनी सांगला नसेल. ईदला नवे कपडे घालून मी त्यांना बाहेर आनली. अख्खा मोहल्ला बोलला, काय देखनी पोरा, काय देखनी पोरा. एकानी पन बारकल्ला नाय बोलला. म्होरच्या जुम्म्याला देवी आल्या त्यांना. दोगंपन गेली. तवा कोन आला होता मना सांगायला, रुकय्या, झाकून ठेव म्हनून?"

मी ओट्यावरून मागे फिरले. मीही आई आहे, आणि देवीच्या साथीत गेलेल्या लेकरांच्या आईला काय बोलायचं असतं? पण मग मी घरात आले, तर हमिदा सरबताचे पेले धूत होती, आणि माझा राग जागच्या जागी होता. फुफीचं दुःख खरं होतं, मला ते मान्य आहे. ते दुःख तिनं हमिदाच्या पदरात टाकायचं काही कारण नव्हतं. हमिदानंही एक मूल पुरलं होतं. ती कुणाच्या लेकरापुढे कटोरा घेऊन उभी राहिली नाही.

सासूबाई भिडस्त बाई, पण त्यांनी एक गोष्ट केली. दुसऱ्याच आठवड्यात गवंडी बोलावून ओट्याच्या मधोमध कंबरेएवढी भिंत घातली. फुफी त्या भिंतीपलीकडे बसायला लागली. सुपारी कातरल्याचा आवाज येतच राहिला.

पुढे कासमला मुंबईत खोली मिळाली आणि तो शरिफाला आणि युसुफला घेऊन गेला. आईलाही चल म्हणाला. ती गेली नाही. मुंबईत माणसं फार, म्हणजे डोळे फार, असं तिचं म्हणणं. युसुफ जाताना तिनं त्याला आजारी पोरासारखा गुंडाळून टांग्यात बसवला. नंतर तो सुट्टीत आला तर शाळेचं पोरगं झालेला, आजीच्या ठिपक्याला आणि दोऱ्याला लाजणारा. एकदा तो हमिदाकडे येऊन बसला आणि तिनं केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या खाऊन गेला. भिंतीपलीकडून फुफी त्याला हाका मारत होती.

मग फुफीला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, तरी शब्द कळायचे. कासम महिन्यातून कधीतरी यायचा. मोहल्ल्यातल्या बायकांनी पहिले काही दिवस पाळ्या लावल्या, मग एकीला सर्दी झाली, दुसरीच्या घरी पाहुणे आले, आणि सगळं काम हमिदावर पडलं. तिचं अंग पुसणं, कपडे बदलणं, नमाजेच्या वेळी पाण्याऐवजी मातीनं वजू करता यावा म्हणून तिच्या हाताखाली ढेकूळ धरणं, सगळं. मी गेले नाही. त्याची मला खंत वाटत नाही. मी हमिदालाही जाऊ नकोस म्हटलं होतं. ती म्हणाली, "मग कोन जाईल?"

एका दुपारी पनवेलहून माझा भाऊ आला आणि मी हमिदाला बोलवायला पलीकडे गेले. फुफीच्या घराचं दार उघडं होतं. आत खाटेवर फुफी उशीला टेकून बसवलेली, गालफडं बसलेली, पदर तसाच कानामागे खोचलेला. हमिदा समोर स्टुलावर पेजेची वाटी घेऊन बसली होती. मी हाक मारणार एवढ्यात मला दिसलं की हमिदाचे डोळे मिटलेले आहेत. घट्ट मिटलेले. ती चमचा वाटीत बुडवायची, चाचपडत पुढे न्यायची, आणि फुफी डाव्या हातानं तिचं मनगट धरून तो आपल्या तोंडापर्यंत आणायची. अर्धी पेज हनुवटीवरून गोधडीवर सांडत होती. त्या दोघींना त्याची सवय झालेली दिसत होती. हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे, हमिदानं घरी येऊन मला कधी सांगितलं नाही.

आत जाऊन ती वाटी भिंतीवर फेकून द्यावी असं मला वाटलं. पण तेवढ्यात चमचा फुफीच्या गालाला लागला, पेज गळ्यावर ओघळली आणि फुफी जड जिभेनं खेकसली, "नीट भरव ना गे."

"डोळे उघडू काय, फुफी?" हमिदानं विचारलं.

फुफीनं तिच्याकडे बघितलं. त्या मिटलेल्या पापण्यांकडे चांगली निरखून बघत राहिली.

"नको," म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.